पडद्यावरचे तळे

'थ्री इडियट्स' हा हिंदी चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. २००९ सालच्या डिसेंबर महिन्यात तो प्रथम पडद्यावर आला. त्याचा शेवट आठवा. समोर निळेशार पाणी, भोवती उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि वर पाण्याइतकेच निळे आकाश. ते दृश्य संपते, दिवे लागतात, लोक उठून घरी जातात. पण घरी जाताना कित्येकांच्या मनात एकच प्रश्न असतो, "ही जागा आहे तरी कुठे?"

ही जागा आहे लडाखमध्ये. तळ्याचे नाव पँगाँग त्सो. तिथल्या भाषेत 'त्सो' म्हणजे तळे. तळे असे म्हटले की आपल्यापुढे गावाबाहेरचा तलाव उभा राहतो, पण पँगाँग सुमारे १३४ किलोमीटर लांब आहे. त्याचा थोडा भाग भारतात आणि मोठा भाग तिबेटमध्ये आहे. ते समुद्रसपाटीपासून चार हजार दोनशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली आणि वर आणखी अर्धी ठेवली, तेव्हा कुठे आपण पँगाँगच्या काठापर्यंत पोहोचतो! इतक्या उंचीवर असूनही या तळ्याचे पाणी खारट आहे, कारण त्यातून बाहेर वाहणारी नदी नाही. पाणी येते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. खारट असूनही हिवाळ्यात ते गोठते.

चित्रपटात हे तळे दिसले आणि मग तिथे माणसांची रीघ लागली, असे पुष्कळदा सांगतात. ते खरे आहे, पण अर्धेच. 'हकीकत' नावाचा एक जुना चित्रपट आहे. १९६२ च्या युद्धावरचा हा चित्रपट १९६४ साली आला आणि त्याचे चित्रीकरण लडाखमध्येच झाले होते. तो गाजला, त्यातली गाणी घरोघर पोहोचली. तरी लडाख पाहायला कोणी गेले नाही. का? तेव्हा लडाख प्रवाशांना बंद होते. ते १९७४ साली उघडले. त्या पहिल्या वर्षी जेमतेम पाचशे प्रवासी आले. चित्रपट फक्त इच्छा जागी करतो. माणसाला तिथे नेतात ते रस्ते, विमाने आणि खिशातले पैसे. 'थ्री इडियट्स' आला तेव्हा ही तिन्ही साधने तयार होती. २००९ साली लडाखला गेलेल्या प्रवाशांची संख्या ८० हजारांच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या वर गेली. २०१८ मध्ये तिने तीन लाखांचा आकडा ओलांडला. आता हे लक्षात घ्या, की २०११ च्या जनगणनेप्रमाणे साऱ्या लडाखची लोकसंख्या २,७४,२८९ होती. म्हणजे घरात जितकी माणसे, त्याहून पाहुणेच जास्त!

पाहुणे येणे वाईट नाही. लडाखमध्ये कारखाने नाहीत, शेती थोडी आहे. टॅक्सी चालवणारे, खोल्या भाड्याने देणारे, खानावळ चालवणारे, वाट दाखवणारे अशा हजारो कुटुंबांची चूल पर्यटनावर पेटते. तेव्हा 'लडाखला जाऊच नका' असे सांगणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. पाहुण्याने कसे जावे आणि कसे राहावे, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी आधी त्या घराची अडचण समजून घेऊ या.

लडाखची सर्वांत मोठी अडचण म्हणजे तिथला उन्हाळा फार छोटा असतो. वर्षातले सहा-सात महिने कडक थंडी. पाणी गोठलेले, जमीन दगडासारखी. मे ते सप्टेंबर एवढाच काळ कामाचा. या थोड्या महिन्यांत शेतकऱ्याला जव पेरायचे असतात, त्यांना पाणी द्यायचे असते आणि पीक घरात आणायचे असते. याच महिन्यांत पक्ष्यांना घरटी करून पिल्ले वाढवायची असतात. शाळेला लांब सुट्टी हिवाळ्यात असते, म्हणून उन्हाळ्यात वर्ग भरलेले असतात. आणि नेमके याच महिन्यांत प्रवासी येतात. ते तरी काय करणार? हिवाळ्यात त्यांना ती थंडी सोसवत नाही आणि बर्फाने रस्तेही बंद होतात. म्हणजे शेतकरी, पक्षी, शाळकरी मुले आणि प्रवासी या चौघांना एकच ऋतू हवा असतो. लडाखमधल्या बऱ्याचशा तक्रारी इथून सुरू होतात.

पाण्याचेच पाहा. लेह हे लडाखचे मुख्य शहर. तिथे वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत जुलै महिन्यातल्या एका जोरदार दिवसात तेवढा पाऊस पडून जातो! मग तिथे शेती होते कशी? डोंगरावरचा बर्फ उन्हाने वितळतो, त्याचे ओढे होतात, आणि त्या ओढ्यांचे पाणी लहान लहान पाटांनी शेतात नेले जाते. कोणाच्या शेताला कधी पाणी मिळेल हे ठरवायला गावात एक माणूस नेमलेला असतो. त्याला 'छुरपोन' म्हणतात. 'छू' म्हणजे पाणी. छुरपोनने पाळी ठरवली की ती सर्वांनी मानायची, मग शेत श्रीमंताचे असो की गरिबाचे. आपल्याकडे पाटकरी असतो ना, तसेच हे पद आहे.

तिथल्या जुन्या घरांतली शौचकूपेही पाणी न लागणारी असतात. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, तिच्या जमिनीला भोक, आणि कोपऱ्यात मातीचा ढीग. काम झाले की फावडेभर माती किंवा राख टाकायची. खालच्या खोलीत त्याचे हळूहळू खत होते. वसंत ऋतूत ते शेतात पसरतात. पाण्याचा एक थेंबही लागत नाही आणि शेताला खत मिळते. शहरातला प्रवासी मात्र ही सोय पाहून नाक मुरडतो. त्याला पाण्याची टाकी असलेले शौचकूप हवे असते. एकदा साखळी ओढली की सात-आठ लिटर पाणी जाते. त्याला रोज अंघोळही हवी असते. हॉटेलांना ही सोय करावी लागते, म्हणून ती जमिनीत खोल नळ्या घालून पाणी उपसतात. वापरलेले मैले पाणी खड्ड्यात सोडतात आणि ते झिरपून पुन्हा भूजलात मिसळण्याची भीती असते. प्रत्येक प्रवाशाला वाटते, 'मी एकट्याने एक बादली जास्त वापरली तर काय बिघडले?' पण बादल्या मोजायच्या तर लाखांत मोजाव्या लागतात.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. आपल्या हवेत केळीची साल टाकली तर थोड्याच काळात तिची माती होते. हे काम उष्णता, ओल आणि सूक्ष्म जंतू करतात. लडाखमध्ये थंडी आहे, ओल नाही. त्यामुळे साल सुकते आणि नुसती पडून राहते. प्लॅस्टिकच्या बाटलीची तर गोष्टच नको. लेहच्या स्त्रियांनी हा धोका फार लवकर ओळखला. तिथल्या महिला संघटनेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांविरुद्ध मोहीम काढली आणि १९९८ साली लेहमध्ये या पिशव्यांवर बंदी आली. आपल्या महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीचा मोठा कायदा २०१८ साली आला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बायकांची दूरदृष्टी कळते. पिशव्या गेल्या, पण पाण्याच्या बाटल्या प्रवाशांबरोबर येतच राहिल्या.

कचऱ्याचा संबंध पक्ष्यांशीही आहे. कसा, ते सांगतो. हॉटेलांचे, तंबूंचे आणि छावण्यांचे उरलेले अन्न बाहेर पडते. त्यावर भटकी कुत्री जगतात आणि त्यांची संख्या वाढते. ही कुत्री टोळीने हिंडतात. लडाखमधल्या दलदलीच्या जागी काळ्या मानेचा क्रौंच नावाचा उंच, देखणा पक्षी घरटे करतो. २०२१ साली लडाखने त्याला आपला मानाचा पक्षी म्हणून जाहीर केले आहे. त्याचे घरटे जमिनीवरच असते. झाडेच नाहीत, तर तो बिचारा घरटे बांधणार कुठे? कुत्री त्याची अंडी आणि पिल्ले खातात. कुत्र्यांचा त्यात दोष नाही. आपण टाकलेल्या अन्नाने त्यांची संख्या वाढली आहे.

तळ्यांच्या काठी आणखी एक पक्षी अंडी घालतो. त्याचे नाव पट्टकादंब. हा एक हंस आहे. अंग राखाडी, डोके पांढरे आणि डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव. हिमालयाच्या वरून उडत जाणारा पक्षी म्हणून तो जगभर प्रसिद्ध आहे. लडाख, तिबेट आणि मंगोलियाच्या थंड तळ्यांवर तो उन्हाळा घालवतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे येतो. पैठणजवळच्या जायकवाडी धरणावर आणि भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर दर वर्षी पक्षी पाहणारे लोक त्याची वाट पाहतात. तेव्हा लडाखच्या तळ्याकाठी जे घडते, त्याचा आपल्याशी काही संबंध नाही, असे म्हणता येणार नाही. जून महिन्यात छायाचित्र काढण्यासाठी कोणी घरट्याजवळ गेले, तर मादी उठून उडून जाते. तेवढ्या वेळात अंडी गारठतात. माणूस छायाचित्र घेऊन निघून जातो. मागे काय झाले, ते त्याला कधीच कळत नाही.

काही जण तर याहून पुढे जातात. २०२२ साली काही प्रवाशांनी आपली मोटार थेट पँगाँगच्या पाण्यात घातली आणि टेबल मांडून मौज केली. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि लोक संतापले. मला वाटते, या माणसांना ते तळे खरे वाटलेच नसावे. पडद्यावर पाहिलेली जागा ही जणू पडद्याच्या मालकीची, तिथे वाटेल ते चालते, अशी त्यांची समजूत झाली असावी. तळ्याच्या काठी आज पिवळ्या स्कूटर आणि चित्रपटाच्या जाहिरातीतल्यासारख्या रंगीत बैठकी मांडलेल्या असतात. पैसे देऊन त्यांवर बसायचे आणि छायाचित्र काढून घ्यायचे. दुकानदाराला चार पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण कित्येक प्रवासी स्कूटरच्या रांगेत अर्धा तास घालवतात आणि तळ्याकडे पाठ करून परत जातात!

आता एका शाळेची हकीकत ऐका. तुम्ही स्वतः शाळेत जाता, म्हणून ती तुम्हांला चटकन कळेल. त्याच चित्रपटात नायकाची एक शाळा दाखवली आहे. ती शाळा खरी आहे. लेहपासून साधारण १५ किलोमीटरवर शे नावाच्या गावी ती आहे. आज तिचे नाव द्रुक पद्मा कार्पो शाळा. ती २००१ साली सुरू झाली. दगड, माती आणि लाकूड वापरून तिच्या इमारती अशा बांधल्या आहेत, की दिवसा उन्हाची ऊब भिंती साठवून ठेवतात आणि थंडीत वर्ग उबदार राहतात. वीज सूर्यप्रकाशापासून मिळते. शौचकूपे बिनपाण्याची आहेत, पण नव्या पद्धतीची. जुन्या लडाखी घरांतली अक्कल आणि नवे शास्त्र यांचा तिथे मेळ घातला आहे. परदेशांतल्या वास्तुशास्त्रज्ञांनी तिचे कौतुक केले आहे. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेह परिसरात ढगफुटी झाली तेव्हा या शाळेतही चिखल शिरला होता. त्यातून ती पुन्हा उभी राहिली.

पण लोक ती शाळा पाहायला जात ते या कारणासाठी नव्हे. शाळेच्या एका भिंतीजवळ चित्रपटात एक विनोदी प्रसंग घडतो. वरच्या खिडकीतून मुले विजेची तार सोडतात आणि खाली उभ्या असलेल्या माणसाची फजिती करतात. (असा खेळ खरोखर कधी करायचा नसतो, हे तुम्हांला सांगायला नकोच.) त्या भिंतीला नायकाचे नाव पडले. रोज गाड्या भरून माणसे येऊ लागली. भिंतीपुढे उभे राहायचे, हसायचे, छायाचित्र काढायचे आणि जायचे. आत वर्ग चाललेले, बाहेर गलका. जाताना बाटल्या आणि वेष्टने मागे टाकायची. कल्पना करा, तुमच्या वर्गात गणित चालले आहे आणि खिडकीतून अनोळखी माणसे डोकावत आहेत. एक दिवस मजा वाटेल. रोज झाले तर? शेवटी २०१८ साली शाळेने ठरवले, की ही भिंत वर्गांपासून दूर न्यायची आणि पर्यटकांना आतल्या आवारात येऊ द्यायचे नाही. मुलांच्या अभ्यासात येणारा व्यत्यय आणि आवारात होणारा कचरा, ही कारणे शाळेने सांगितली. ज्या भिंतीमुळे शाळा देशभर माहीत झाली, तीच भिंत शाळेला नकोशी झाली. माझ्या मते शाळेने योग्यच केले.

हे फक्त आपल्याच देशात होते असे समजू नका. थायलंड देशात फी फी ले नावाचे एक छोटे बेट आहे. तिथे माया बे नावाची एक खाडी आहे. तिन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये पांढरी वाळू आणि काचेसारखे पाणी. 'द बीच' नावाचा इंग्रजी चित्रपट २००० साली आला, तो इथे चित्रित झाला होता. किनारा अधिक सुंदर दिसावा म्हणून चित्रीकरणाच्या वेळी तिथली वाळू सपाट केली आणि बाहेरून आणून नारळाची झाडे लावली. त्यावरून खटला उभा राहिला आणि तो २०२२ सालापर्यंत चालला. पण खरे नुकसान पुढे झाले. चित्रपट पाहून लोक येऊ लागले आणि एकेका दिवशी पाच हजारांपर्यंत माणसे त्या एवढ्याशा वाळूवर उतरू लागली. नावांचे नांगर पाण्यात पडत आणि तळाची प्रवाळे मोडत. प्रवाळ म्हणजे पोवळे. ते दगडासारखे दिसते, पण सूक्ष्म जिवांनी मिळून बांधलेले ते घर असते. ते एका वर्षात जेमतेम काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटर वाढते. नांगर ते क्षणात मोडतो.

जून २०१८ मध्ये थायलंड सरकारने ही खाडी बंद केली. आधी चार महिने म्हणून बंद केली, मग आणखी काही महिने, आणि असे करता करता ती जानेवारी २०२२ मध्ये उघडली. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी प्रवाळाचे तुकडे वाढवून तळाशी लावले. पंखांची टोके काळी असलेले शार्क मासे तिथून जवळजवळ नाहीसे झाले होते, ते परत आले. आता नावा खाडीत येऊच शकत नाहीत. त्या बेटाच्या मागच्या बाजूला थांबतात आणि लोक लाकडी वाटेवरून चालत येतात. एका वेळी किती माणसे आत सोडायची याची मर्यादा आहे. पाण्यात पोहायला बंदी आहे. शिवाय दर वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत खाडीला विश्रांती असते. लोक कुरकुरतात, पण येतात. खाडीला विश्रांती देता येते. लडाखला तशी देता येणार नाही, कारण उन्हाळ्यात बंद ठेवले तर तिथल्या लोकांनी वर्षभर खायचे काय? म्हणून तिथे प्रवाशालाच आपली मर्यादा सांभाळावी लागते.

ती कशी, ते पाहू. समजा, पुढे मोठे झाल्यावर तुम्ही लडाखला निघालात. पुष्कळ लोक विमानाने जातात. मुंबईहून किंवा दिल्लीहून निघायचे आणि काही तासांत लेहला उतरायचे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, म्हणजे पातळ असते आणि एका श्वासात प्राणवायू कमी मिळतो. शरीराला सवय नसल्यामुळे डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. काही जणांच्या जिवावरही बेतते. म्हणून विमानाने गेल्यास पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी लागते. शिवाय विमानाला दर माणशी आगगाडीपेक्षा कितीतरी जास्त इंधन लागते. त्याच्या धुराने पृथ्वी तापते आणि ज्या बर्फावर लडाखची शेती जगते तो बर्फ कमी होत जातो.

जमिनीवरून गेलात तर? आगगाडीने जम्मू किंवा कटरा गाठायचे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही सुरू झाली आहे. चिनाब नदीवरच्या उंच पुलावरून ती जाते. श्रीनगरहून लेहचा रस्ता सुमारे ४२० किलोमीटरचा आहे. सोनमर्ग, झोजी ला घाट, द्रास असे करत पहिल्या रात्री कारगिलला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी लेहला पोहोचायचे. या वाटेने उंची टप्प्याटप्प्याने वाढते, त्यामुळे शरीराला हळूहळू सवय होते. एरवी 'पर्यावरण सांभाळा' म्हटले की आपल्याला वाटते, आता त्रास सोसावा लागणार. इथे तसे नाही. जी वाट पृथ्वीला बरी, तीच तुमच्या डोक्यालाही बरी! वेळ मात्र जास्त हवा. आणखी एक सोय तुम्हांला आहे. कारगिल आणि लेहमध्ये उर्दू समजणारी माणसे ठिकठिकाणी भेटतात. लडाखच्या राजभाषांमध्ये उर्दूचाही समावेश आहे. तेव्हा वाट विचारायला, चहा मागायला आणि चार गप्पा मारायला तुम्हांला अडचण पडणार नाही.

लेहहून पँगाँग सुमारे दीडशे किलोमीटर आहे. मध्ये चांग ला नावाची पाच हजार मीटरांहून उंच खिंड लागते. चित्रपटात शाळेतून तळ्याकाठी जायला क्षणही लागत नाही. खऱ्या रस्त्यावर पाच-सहा तास लागतात. बहुतेक लोक पहाटे निघतात, दुपारी तळे पाहतात, घाईने छायाचित्रे काढतात आणि रात्री परत येतात. दहा-अकरा तासांचा प्रवास आणि तासाभराचे तळे! त्यापेक्षा एकाच ठिकाणी जा, पण तिथे दोन दिवस राहा. तळ्याकाठी स्पांगमिक, मान, मेराक अशी छोटी गावे आहेत. तिथल्या घरांत राहायची सोय होते. घरवाली जे रांधेल ते खायचे, जवाची भाकरी किंवा थुक्पा, आणि घरात जशी सोय असेल तशी वापरायची. पैसे थेट त्या कुटुंबाच्या हातात पडतात. गाडी एकट्याने करण्यापेक्षा चार-सहा जणांनी वाटून घ्या. बरोबर धातूची बाटली ठेवा. उकळलेले किंवा गाळलेले पाणी लेहमध्ये आणि मुक्कामाच्या घरी भरून मिळते. बाटल्या आणि वेष्टने परत आणा. जिथून विकत घेतली तिथपर्यंत परत, नुसती पुढच्या गावापर्यंत नव्हे, कारण पुढच्या गावातही ती टाकायला जागा नाही. तळ्याच्या पाण्यात साबण नको. पक्षी दिसला तर उभे राहा. तो मान वर करून तुमच्याकडे पाहू लागला, की समजा आपण फार जवळ आलो आहोत. दोन पावले मागे या.

लडाख दूर आहे आणि तुमच्यापैकी अनेकांना तिकडे जायला पुष्कळ वर्षे लागतील. पण चित्रपटातल्या जागा जवळपासही आहेत. गोव्याच्या सीमेजवळ दूधसागर धबधबा आहे. तो ३१० मीटर उंचीवरून कोसळतो आणि त्याच्या पुढून रेल्वे जाते. २०१३ साली 'चेन्नई एक्सप्रेस' या चित्रपटात तो दिसला आणि पावसाळ्यात तिथे झुंबड उडू लागली. लोक रुळांवरून चालत जातात. ओला कडा, बोगदे आणि मागून येणारी गाडी, अशा ठिकाणी चालणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. रुळांवरून चालणे हा गुन्हाही आहे. २०२३ च्या पावसाळ्यात रेल्वेने लोकांना आवाहन केले, की धबधबा गाडीच्या डब्यातूनच पाहा. खरे तर डब्यातून तो फार सुरेख दिसतो. गाडी वळणावर येते, एकदम गार तुषार आत येतात आणि पांढरा प्रवाह खिडकी भरून टाकतो. एवढे पाहण्यासाठी जास्तीचा थेंबभरही डिझेल लागत नाही.

याहून सोपी जागा म्हणजे वाईजवळचे मेणवली. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात चरणपूर नावाचे उत्तर प्रदेशातले एक गाव आहे. ते पडद्यावरचे चरणपूर म्हणजे आपले मेणवली, आणि त्यातली नदी म्हणजे कृष्णा! नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागचा दगडी घाट अजून तिथे आहे. घाटावर एका छोट्या दगडी इमारतीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथून आणलेल्या घंटांपैकी ती एक आहे. कुठे पोर्तुगाल, कुठे वसई आणि कुठे कृष्णाकाठ! ही हकीकत चित्रपटात नाही, पण चित्रपटाइतकीच रंजक आहे.

मेणवलीला सहलीची मोठी बस दारापर्यंत नेण्याची गरज नाही. एस.टी.ने वाईला उतरावे. तिथून गाव तीन-चार किलोमीटरांवर आहे. सकाळच्या उन्हात शेतांमधून चालत तासाभरात पोहोचता येते. गावातले लोक अजून त्या घाटावर येतात, बायका कपडे धुतात, मुले पोहतात. तेव्हा छायाचित्र काढण्याआधी विचारावे. वाडा आजही फडणवीसांच्या वंशजांचा आहे, म्हणून आत जाताना परवानगी घ्यावी आणि भिंतींवरच्या जुन्या चित्रांना हात लावू नये. डबा आणि पाणी घरून न्यावे. घाटाच्या पायऱ्यांवर सावलीत बसून जेवता येते. वाईहून परतीच्या गाड्या दिवसभर असतात, पण रविवारी गर्दी होते. शक्यतो इतर दिवशी जावे.